तानाबाईच्या दारातला सांधा

"ओढ की, अजून जोर लाव," श्रेणिक म्हणाला.

चंदनाने दोन्ही टाचा फरशीला रोवल्या आणि पेला ओढला. पलीकडच्या टोकाला तिची मैत्रीण सलमा होती. एकात एक घट्ट बसलेले दोन स्टीलचे पेले दोघींच्या मधे होते आणि गेली दहा मिनिटं ते हलायला तयार नव्हते. रंकाळ्यावर जायचं ठरलं होतं. डबा भरला होता, ताकाची किटली दाराशी ठेवली होती, पण आईने बजावलं होतं की पेले सुटल्याशिवाय कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ते एकात एक कुणी दाबून बसवले होते हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच श्रेणिक स्वतः ओढत नव्हता, नुसत्या सूचना देत होता.

"तेल सोडूया," तो म्हणाला. "नाहीतर वरवंट्यानं ठोकूया."

"तुझंच डोकं ठोकते," चंदना म्हणाली. दहा वर्षांच्या भावाशी बोलायची तिची हीच पद्धत होती.

"काकू, जरा गरम पाणी मिळेल का?"

हा आवाज मेहमुदाचा होता. ती सलमाची आतेबहीण. सुट्टीसाठी परवाच मुरगूडहून मंगळवार पेठेत आली होती. चंदनाएवढीच, तेरा वर्षांची. तिने आईकडून कढत पाण्याचं पातेलं घेतलं, त्यात खालचा पेला उभा केला आणि वरच्या पेल्यात माठातलं गार पाणी ओतलं. मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि दोन बोटांनी वरचा पेला उचलला. टक् असा आवाज झाला आणि तो अलगद निघाला.

चंदनाचे वडील, आप्पा, झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. "हे कुणी शिकवलं गं तुला?" त्यांनी विचारलं.

"शिकवलं न्हाय कुणी. आमच्याकडं लोहार गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतो ते बघितलंय. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आवळतं. म्हटलं, भायेरचा पेला फुगवावा न् आतला आवळावा."

आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चंदनाला विज्ञानात शंभरपैकी ब्याण्णव मिळाले होते तेव्हासुद्धा त्यांनी वर्तमानपत्र नुसतं गुडघ्यापर्यंत खाली केलं होतं. आज चक्क घडी घातली.

"नजर आहे हो पोरीला," ते म्हणाले.

सलमाने मेहमुदाचा हात धरून असा हलवला, जणू पेले तिनेच सोडवले होते.  तापलेला धातू प्रसरण पावतो हे चंदनाला माहीत नव्हतं का? पुस्तकातल्या कडी आणि गोळ्याच्या आकृतीसकट पाठ होतं. मग तिला का नाही सुचलं? तिने पेला पुसला, फडताळात ठेवला आणि दार जरा जोरातच लावलं.

तेवढ्यात बाहेरून तानाबाईची हाक आली. "अगं बाई, फुटला गं! परत फुटला!"

चौघं धावत गल्लीत गेली.

तानाबाई पोवार समोरच्याच घरात एकटी राहायची. उन्हाळाभर ती सांडगे-पापड करून विकायची. तिच्या भिंतीला लागून जाणाऱ्या पाण्याच्या नळाचा सांधा सुटला होता. पाण्याचा फवारा थेट बाजेवर पडत होता आणि बाजेवर वाळत घातलेल्या सांडग्यांचं पुन्हा पीठ होत होतं.

हा नळ गल्लीचा स्वतःचा होता. आदल्या हिवाळ्यात आठ घरांनी मिळून तालमीच्या गच्चीवर टाकी बांधली होती. तालमीच्या विहिरीतलं पाणी पंपाने टाकीत चढायचं आणि तिथून एकच लांब नळ उतारावरून खाली यायचा. घरोघर एकेक तोटी, आणि अगदी खालच्या टोकाला बाळासो चौगुल्यांचा गोटीसोड्याचा कारखाना. नळ टाकला होता सलमाच्या वडिलांनी, इलाही मिस्त्रींनी. चार महिने थेंब गळला नव्हता. आणि आता पंधरा दिवसांत हा तिसरा फटका, तोही दर वेळी तानाबाईच्या दारात, जिथे नळ कोपरा घेऊन वळत होता तिथेच.

इलाहीचाचा आले, तालमीजवळची मोठी चावी बंद करून गुडघ्यावर बसले. मागोमाग बाळासो आले. ते गल्लीच्या समितीचे अध्यक्ष होते.

"इलाही, तुझा हात बिघडला की माल खराब घातलास?" बाळासो चारचौघांत म्हणाले.

"माल तुमच्यासमोरच आणलता, बाळासो. सुतळी न् सफेदा लावून मी सोता आवळलाय."

"मग सुटतोय कसा? भूत येतंय काय पान्हा घेऊन?" लोक हसले. बाळासो पुढे म्हणाले, "रविवारी बैठक लावतो. तवर हे थांबलं न्हाय तर ही लाईन दुसऱ्याकडं. आणि एक ध्यानात ठेव, पेठेत मी ज्याला मिस्त्री म्हणीन त्योच मिस्त्री."

 इलाहीचाचांनी नवी सुतळी गुंडाळायला घेतली. रंकाळा राहिलाच.

*

संध्याकाळी चौघं चंदनाच्या घराच्या पायरीवर बसली होती. मेहमुदा मात्र मधेच उठून तानाबाईच्या भिंतीशी गेली आणि नळाला कान लावून बसली.

"ती काय ऐकतीया, रेडिओ?" श्रेणिक म्हणाला.

"ठक्," मेहमुदा तिथूनच म्हणाली. "आत्ता झालं. नळाला कुणीतरी आतून ठोसा मारल्यागत. हात लावून बघा, पुन्हा हुईल."

बराच वेळ काही झालं नाही. मग खरोखरच झालं. चंदनाच्या तळहाताखाली लोखंड दचकल्यासारखं हललं आणि गप्प झालं.

"असा दिवसातनं धा-वीस वेळा ठोसा बसला तर सांधा किती टिकणार?" मेहमुदा म्हणाली. "हे कुठनं येतंय ते शोधायचं. उद्या सकाळी दहापासून पहारा. श्रेणिक तालमीच्या पायरीवर बसंल, तिथल्या घड्याळात बघून पंप कधी चालू-बंद होतो ते लिहील. मी न् सलमा इथं. ठोसा बसला की सलमा तानाबाईच्या घरातल्या घड्याळात बघून वेळ लिहील. चंदना, तू खाली टोकाला, कारखान्यासमोर."

गल्ली चंदनाची. पायरी चंदनाची. आप्पांचं मनगटी घड्याळ मागून आणणारीही चंदनाच. आणि कामं वाटणार ही, तीसुद्धा सलमाला स्वतःजवळ ठेवून. पण सलमा आणि श्रेणिक आधीच माना डोलवत होती. चंदना म्हणाली, "बसेन."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यासमोरच्या ओट्यावर वही घेऊन बसली. उघड्या दारातून आतला दगडी हौद दिसत होता. पिराजी नावाचा गडी त्यात बाटल्या बुडवून विसळत होता. हौदावर पितळेची नवीकोरी तोटी होती. घरच्यासारखी फिरकीची नाही, तर लांब दांड्याची. दांडा वर केला की धो धो पाणी. हौद भरला की पिराजी त्या दांड्यावर हाताच्या तळव्याने एक फटका मारायचा आणि पाणी जागच्या जागी बंद.

फट्. आणि त्याच क्षणी चंदनाच्या पायाजवळून गेलेला नळ हादरला.

तिने घड्याळ पाहिलं. दहा वाजून सतरा मिनिटं. पुढचा फटका दहा एकतीसला. नळ पुन्हा हादरला. दहा सेहेचाळीसला ती नळावर पाऊलच ठेवून बसली होती आणि पिराजीचा हात खाली येताच तो दणका तिला टाचेपर्यंत जाणवला.

"पिराजीदादा, ही तोटी नवी का?" तिने विचारलं.

"व्हय की. अक्षय्य तृतीयेला मालकानी बसवली. फिरकी फिरवत बसायला नको. एक फटका, काम खल्लास."

अक्षय्य तृतीया झाली आणि दुसऱ्याच दिवशी नळ पहिल्यांदा फुटला होता. सापडलं होतं. चंदनाला सापडलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही! वही छातीशी धरून ती चढाने धावत निघाली.

तानाबाईच्या दाराशी ती थबकली. सलमा आणि मेहमुदा भिंतीच्या सावलीत एकाच कैरीच्या फोडी मीठ लावून खात होत्या. मेहमुदाच्या वेणीत जांभळी रिबीन होती. चंदनाने जोतिबाच्या यात्रेत दोन घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक सलमाला. सलमाची रिबीन मेहमुदाच्या वेणीत होती.

"आलीस? हे बघ," सलमा म्हणाली, "दहा सतरा, दहा एकतीस, दहा सेहेचाळीस. मेहमुदा म्हणते, ठोसा खालनंच येतोय. वरनं आला असता तर तालमीकडच्या नळात आधी ऐकू आला असता. खाली काय दिसलं?"

मेहमुदा म्हणते. चंदनाने जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते मेहमुदाने बसल्या जागी म्हणूनही टाकलं होतं. आता तोंड उघडलं तर सलमा पुन्हा मेहमुदाचा हात हलवणार, आप्पा घडी घालणार, आणि आपण काय, तर मेहमुदाचं म्हणणं खरं हे सांगायला धावत आलेली मुलगी.

"काही नाही," चंदना म्हणाली. "खाली काहीच दिसलं नाही."

वहीचं पान तिने मुठीत चुरगळलं आणि फ्रॉकच्या खिशात घातलं.

*

मेहमुदा बुचकळ्यात पडली. खाली काही नसेल तर उरला तो वरचा पंप. श्रेणिकच्या कागदावर पंप दहा वाजता चालू झाल्याची नोंद होती आणि ठोसे त्यानंतरचेच होते. तिने मामूंना सांगितलं आणि भाचीच्या शब्दावर इलाहीचाचांनी तालमीच्या वस्तादांना विनवून शुक्रवारी सकाळभर पंप बंद ठेवला. टाकीत होतं तेवढंच पाणी गल्लीने जपून वापरायचं.

अकरा वाजता तानाबाईच्या दारातला सांधा सुटला. होतं ते पाणीही गटारात गेलं.

"पोरीच्या नादानं गल्ली तहानलेली ठेवलीस न्हवं?" बाळासो म्हणाले. "इलाही, आता लई झालं. मी नवीन मिस्त्री बघितलाय. परवा बैठकीत फकस्त मान्यता घ्यायची हाय."

"माझं चुकलं, मामू," मेहमुदा सगळ्यांसमोर म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

चंदनाला बरं वाटलं. एखादी चिंचेची गोळी तोंडात विरघळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ बरं वाटलं. मग तिचं लक्ष इलाहीचाचांकडे गेलं.

"बाळासो, पंचवीस वर्सं झाली," ते म्हणत होते. "माझा सांधा सुटला असं कुणी म्हटलं न्हवतं." एवढंच बोलून त्यांनी सांधा पुन्हा आवळला आणि ते पान्हा फडक्याने पुसू लागले. हत्यार पुसल्याशिवाय पिशवीत ठेवायचं नाही ही त्यांची सवय होती. पण आज पान्हा लख्ख झाला तरी ते पुसतच राहिले.

दुपारी सलमा आली. ती रडून आली होती हे दिसत होतं. "अब्बा म्हणालं, रविवारी लाईनीवरनं नाव काढलं तर इथं कामाला कोण बोलावणार? मुरगूडला जायचं म्हणतात. आत्याच्या शेजारी खोली रिकामी हाय." तिने नाक पुसलं. "मेहमुदा म्हणते रडू नको, आपण एकाच शाळेत जाऊ. एकाच बाकावर बसू."

खरं सांगायचं तर चंदनाच्या मनात आधी इलाहीचाचा आले नाहीत. आधी डोळ्यांसमोर आला तो बाक. मुरगूडच्या कुठल्याशा शाळेतला बाक आणि त्यावर शेजारी शेजारी दोन वेण्या.  आणि मग त्या बाकाआडूनच तिला तो पान्हा पुन्हा दिसला, पुसला जाणारा. एका चुरगळलेल्या कागदामुळे पुसला जाणारा.

ती उठली आणि काहीही न सांगता सलमाच्या घराकडे निघाली.

मेहमुदा मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. चंदनाने खिशातला कागद तिच्या सुपात टाकला. मेहमुदाने तो उलगडला. दहा सतरा. दहा एकतीस. दहा सेहेचाळीस. खाली लिहिलं होतं, "पिराजी. दांड्याची तोटी."

"मी खोटं बोलले," चंदना म्हणाली.

मेहमुदाने कागद गुडघ्यावर ठेवून सपाट केला. "मला कळलं हुतं, कायतरी गफलत हाय," ती म्हणाली. "तासभर बसलेलं माणूस म्हणतंय कायच दिसलं न्हाय. निदान कुत्रं तरी दिसतं." मग तिने मान वर केली. "तुझ्यामुळं मामूंनी आज बोलणी खाल्ली. मला शिवी दिली असतीस तर चाललं असतं."

"तू सगळंच घेतलंस. आप्पांना, सलमाला."

"मी काय घेतलं? मी परत जाणार पंधरा तारखेला. हितं सलमा उठता बसता चंदना असं म्हणते न् चंदना तसं म्हणते. तुमच्या शाळेत प्रयोगशाळा हाय म्हणं, काचेच्या नळ्या हाईत. आमच्यात फळ्यावर नळी काढतात." तिने कागदाची घडी केली. "सलमाला सांगणार न्हाय मी. तुझं तू सांग, कवा सांगायचं ते. आता ती तोटी दाखव मला."

दोघी निघाल्या. 

*

तोटी पाहिली, दणकाही पाहिला. तोटी चंदनाने हेरली, एवढंच मेहमुदाने बाकीच्यांना सांगितलं. पण संध्याकाळी चौघं जमल्यावर श्रेणिकने विचारलं ते बरोबर होतं. "तोटी खाली, सांधा वर शंभर पावलांवर. तोटी बंद केल्यावर तो कशानं फुटंल? आणि बाळासोकाका आपलं ऐकतील व्हय?"

 मेहमुदालाही हे नीट सांगता येत नव्हतं. चंदनाला मात्र एकदम शाळेच्या मैदानावरचा आगगाडीचा खेळ आठवला.

"गल्लीतल्या सगळ्या पोरांना बोलव," ती म्हणाली.

दहा-बारा पोरं जमली. चंदनाने त्यांना एकामागे एक उभं केलं, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. "उतारावरनं पळत यायचं. श्रेणिक सगळ्यात पुढे. मी हात वर केला की श्रेणिक हळूहळू थांबेल." रांग धावत आली, हळूहळू थांबली. काही झालं नाही. "आता पुन्हा. या वेळी श्रेणिक, भिंत आली की एकदम थांबायचं."

रांग धावत आली. श्रेणिक भिंतीला हात लावून जागीच थांबला, दुसरा त्याच्यावर आदळला, तिसरा दुसऱ्यावर, आणि तो धक्का एकेकाला आपटत रांगेच्या शेपटापर्यंत गेला. मधला एक लठ्ठ पोरगा रांगेतून निसटून थेट तानाबाईच्या बाजेवर पडला.

"हाच तो सांधा," चंदना म्हणाली. "नळातलं पाणीपण असंच धावत असतं. वरपासून खालपर्यंत, सगळंच्या सगळं. पुढच्याला एकदम अडवलं की मागच्यांचा भार कुठे जाणार? जिथं वळण आहे तिथं रांग मोडणार."

मेहमुदाने तिच्याकडे पाहिलं. "हे मला सुचलं नसतं," ती म्हणाली. ते तिला जड गेलं हे चंदनाला दिसलं, कारण तो जडपणा तिच्या चांगल्याच ओळखीचा होता.

शनिवारी त्यांनी नळच बनवला. गल्लीच्या कामातून उरलेल्या नळाचे तुकडे इलाहीचाचांच्या पडवीत होते. "काय करायचंय ते करा," म्हणून त्यांनी दिले, पण पोरींची खटपट बघून शेवटी स्वतःच जोडून दिले. चंदनाच्या घराच्या माडीवरच्या सज्जात पाण्याचा पिंप ठेवला. त्यातून नळ जिन्यावरून उतरून अंगणाच्या टोकापर्यंत नेला. टोकाच्या जरा अलीकडे एक फाटा काढून वर तोंड करून बॉलपेनची रिकामी नळी बसवली.

"टोक हळूहळू बंद कर," मेहमुदा म्हणाली. सलमाने तळहाताने नळाचं तोंड सावकाश झाकलं. बॉलपेनमधून बारीक धार वर चढली, पण सज्जाच्या बरीच खाली राहिली.

"पिंपाच्या वर ती जाणारच नाही," चंदना म्हणाली. "पाणी आपल्या पातळीच्या वर चढत नाही. आता एकदम."

श्रेणिकने पायातली रबरी चप्पल काढून नळाच्या तोंडावर फाडकन मारली. धार सुटली ती सज्जा ओलांडून वर गेली. सज्जात आप्पा वर्तमानपत्र वाचत होते.

आप्पा ओलं वर्तमानपत्र घेऊन खाली आले.  "पुन्हा मार," ते म्हणाले. श्रेणिकने पुन्हा मारली. आप्पांनी मान वर करून धार कुठवर गेली ते बघितलं. इलाहीचाचाही बघत होते. ते हळूच खाली बसले आणि त्यांनी नळावर हात ठेवला.

"म्हंजी पाणी मागं लाथ मारतंय," ते म्हणाले.

"यावर उपाय काय?" आप्पांनी विचारलं.

 कोपऱ्यात आप्पांची सायकल टेकवलेली होती. चंदना तिच्या चाकाकडे बघत राहिली. "खड्ड्यात सायकल गेली तर धक्का ट्यूबमधली हवा खाते," ती सावकाश म्हणाली. "नळात हवा ठेवली तर?"

"ठेवायची कशी? पाण्याबरुबर वाहून जाईल," सलमा म्हणाली.

"उभी बाटली," मेहमुदा म्हणाली. "तोंड खाली, बूड वर. हवा वर अडकून राहील."

इलाहीचाचांनी बाटली नाही, पण वरून बंद असलेला हातभर नळाचा तुकडा टोकाजवळ उभा जोडला. श्रेणिकने चप्पल मारली. धार जराशी उसळली आणि गप खाली बसली.

*

"बैठक माझ्या अंगणात घेऊ," आप्पांनी बाळासोंना निरोप धाडला. "चहा माझ्याकडं."

रविवारी सकाळी आठ घरची माणसं आली. अध्यक्षांची खुर्ची श्रेणिकने मांडली होती, अगदी बॉलपेनच्या नळीजवळ. उभा तुकडा आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. बाळासो परीटघडीचे कपडे घालून आले होते.

"काका, सुरुवातीला एक गंमत," चंदना म्हणाली. "पाणी त्या पिंपातनं येतंय. हाताने नळाचं तोंड हळू बंद करा, आणि सांगा, धार पिंपाच्या वर जाईल का?"

"न्हाय जायची. येवढं कळतंय मला." त्यांनी हळू बंद केलं. धार खालीच राहिली. बाळासो लोकांकडे बघून हसले.

"आता ही चप्पल घ्या. पिराजीदादा तोटी बंद करतात तशी मारा."

बाळासोंनी मारली. धार माडीवर गेली आणि येताना सगळीच्या सगळी बाळासोंच्या टोपीवर आली. गल्ली हसली. इलाहीचाचा हसले नाहीत.

"पोरखेळ हाय हा," बाळासो टोपी झटकत म्हणाले. "माझ्या तोटीचा काय संबंध?"

"चला की, खऱ्या नळावर बघू," आप्पा म्हणाले.

तानाबाईच्या दारात मेहमुदाने नळावर मूठभर जोंधळे एका ओळीत ठेवले. खाली पिराजी तोटीशी उभा होता. मधे उभ्या केलेल्या श्रेणिकने हात हलवला. पिराजीने दांड्यावर फटका मारला आणि इकडे जोंधळ्याचे दाणे नळावरून उडून तानाबाईच्या लुगड्यावर पडले. मग पिराजीने दांडा सावकाश, दहा अंक मोजत खाली आणला. एकही दाणा हलला नाही.

"बाळासो," तानाबाई म्हणाली, "माझं सांडगं चार वेळा भिजलं ते तुझ्या तोटीनं व्हय? आणि बोलणी खाल्ली ह्या गरिबानं?"

बाळासोंनी ओली टोपी हातात घेतली.  "इलाही, चूक झाली माझी," ते म्हणाले. "तोटी आजच काढतो. आणि लाईन तुझीच."

"तोटी काढा, आणि मी तुमच्या टोकाला हवेचा नळबी लावतो," इलाहीचाचा म्हणाले. "म्हंजी उद्या आणि कुणी तसलीच तोटी आणली तरी सांधा ऱ्हाईल."

वस्तादांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. आप्पा चंदनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तोटी हिनं हेरली. माझ्या पोरीनं."

याच शब्दांची तिने किती वाट पाहिली होती. ते तसेच अंगावर राहू दिले असते तर कुणाला कळलं नसतं. मेहमुदा दुसरीकडे बघत होती.

"आप्पा, मी गुरुवारीच हेरली होती," चंदना म्हणाली. "आणि लपवून ठेवली. मेहमुदाचं बरोबर ठरू नये म्हणून. शुक्रवारी चाचांना जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळे."

आप्पांचा हात खांद्यावरून निघाला. सलमा तिच्याकडे बघतच राहिली. इलाहीचाचा पुढे आले.

"मग आज का सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "कुणी विचारलं न्हवतं."

 चंदनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाळासोंना पंधरा दिस लागले चूक म्हणायला, हिला तीन," इलाहीचाचा आप्पांकडे वळून म्हणाले. "पोरगी कामाची हाय. आणि ती रांगेची न् सायकलच्या हवेची अक्कल हिचीच." त्यांनी पिशवीतून दोन पान्हे काढले. "पण शुक्रवारच्या बोलण्यांची भरपाई ऱ्हायलीय, ती हिच्याकडनं कामात करून घेणार. मेहमुदा, तूबी ये."

कारखान्याच्या टोकाशी त्यांनी उभा नळ बसवला आणि एक पान्हा मेहमुदाच्या हातात दिला, दुसरा चंदनाच्या.

"एकीनं नळ धरायचा, दुसरीनं सांधा. एकीनं हिकडं ओढायचं, दुसरीनं तिकडं. दोघी एकाच बाजूला ओढाल तर नुसतं गोल फिरत बसाल."

दोघींनी ओढलं. पान्हे जड होते. मेहमुदा दात-ओठ खात ओढत होती आणि चंदनाला एक क्षणभरही तिच्यापेक्षा कमी ओढायचं नव्हतं. सुतळी कचकन दबली. इलाहीचाचांनी सांध्यावर अंगठा फिरवला, मान हलवली आणि वर तालमीकडे हात करून पाणी सोडायला सांगितलं.

"शेवटचं एकदा, पिराजी," ते म्हणाले. "फटका मार. जोरात."

पिराजीने फटका मारला. सलमा आणि श्रेणिक तानाबाईच्या दारात नळावर हात ठेवून बसले होते. सगळी गल्ली वर बघत होती.

"काय न्हाय," सलमा वरून ओरडली. "कायबी झालं न्हाय!"

मग ती उठली आणि उतारावरून धावत खाली यायला लागली. ती कुणाच्या गळ्यात पडणार हे चंदनाला ठाऊक नव्हतं. पान्हा तसाच हातात धरून ती वाट बघत उभी राहिली.